उटी

देवाला लावतात ती चंदनाची.
आमची काळ्या दगडाची, सव्वाअकरा किलोची,
तारळ्यात भंगारवाल्याच्या काट्यावर तोललेली.
एका अंगानं सपाट,
दुसऱ्या अंगानं म्हशीच्या पाठीसारखी.

ती छातीशी धरून मी चालतोय
सर्जेरावच्या जीपमागं, जीपमागच्या ट्रॉलीमागं.
दातात शिट्टी.
कराड डेपोत अकरा वर्षं एका ड्युटीवर होतो,
तो स्टिअरिंगला, मी घंटीला.
एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.
एवढ्या दोन शब्दांत आमचं सगळं बोलणं व्हायचं.

ट्रॉली त्यानंच जोडलीय.
मोडीत निघालेल्या बसचा पत्रा, जुन्या जीपचा ॲक्सल,
खिडकीही बसचीच, न सरकणारी.
आत निजायला दोन फळ्या.
एक सहा फुटी. दुसरी चार फूट दहा इंच.
मी पाच-सात.
कुणाचं माप ते मी विचारलं नाही.
त्यानंही फळी वाढवली नाही.

वाट पवनचक्कीवाल्यांनी कापलेली,
पाती पठारावर गेली आणि वाटेला कुणी वाली उरला नाही.
मधोमध गुडघाभर चर.
मुरमावर सुटी खडी,
पायाखाली ज्वारी सांडावी तशी.
सर्जेरावनं लो गिअर टाकला, चारी चाकं लावली,
आणि पहिली दोन वळणं
ट्रॉली शहाण्यासारखी मागं आली.

तिसऱ्या वळणावर क्लचचा वास.
जीपचं तोंड आभाळात,
ट्रॉलीचं मन खाली तारळ्यात.
मी एक शिट्टी मारली.
ब्रेक लागला, तरी चाक वीतभर मागं आलं.
मग अजून चार बोटं.
वाकलो. दगड सारला.
कर्रर्र झालं
आणि डोंगर थांबला.
मी मात्र वाकलेलाच, बराच वेळ.

मागं घ्यावी तर इथं बसचं गणित चालत नाही.
स्टिअरिंग डावीकडं की ट्रॉली उजवीकडं,
सुधारायला जावं तर कोयत्यासारखी मिटते.
आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणायला मागं जागा तरी हवी.
मागं करवंदीचं जाळं होतं,
जाळ्याच्या मागं नुसतं ऊन.

वरच्या वाडीचा एकजण खांद्यावर गॅसची टाकी घेऊन चढत होता.
टाकी न उतरवताच म्हणाला,
"पाव्हणं, आता हलवू नगा.
पहाटं दवानं मुरूम दबतोय, तवा वडा."
आणि गेला, आमच्याहून जलद.

मग तिथंच मुक्काम, तिरका.
पातेल्यात चहा एका कडेला चढलेला,
कांदा चिरायच्या आधीच दरीत.
सर्जेराव पाय मुडपून आखूड फळीवर निजला,
लांब फळी मला दिली.
पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
सगळे एकदम लागत, एकदम विझत.

"उटी बघून ये," म्हणाला. गेलो.
परत म्हणाला, परत गेलो.
तिसऱ्यांदा न सांगता गेलो, तिथंच बसलो.
दगडावर हात ठेवला, दिवसाची ऊब अजून होती.
आत तो कुशीवर वळला की
पत्रा कण्हायचा
आणि तळहाताखाली काहीतरी किंचित सरकायचं.

पहाटे दव. दोन शिट्ट्या.
गाडी दमेकऱ्यासारखी खोकत वळण चढून दिसेनाशी झाली.
मी मागं राहिलो, दगडासाठी.
काम झालं की लोक उटी रस्त्यातच सोडून जातात.
उंब्रजच्या अलीकडं, एका रात्री,
आमच्या हेडलाइटच्या उजेडात
तसल्या एका दगडावर एक मोटरसायकल चढली होती.
त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.
एक नाही, दोन नाही, त्याला शिट्टीच नव्हती.

दगड उचलला. खाली मुंग्या,
चाकाच्या नक्षीचा ओला ठसा.
पोटाशी घेतला, सदरा मातीनं भरला.
वरून हॉर्न वाजला.
दोनदा.
म्हणजे आता मी चालायचं.